गाडीच्या रंगकामाचा विचका, गॅरेजवाला ऐकेना: पुढं काय करावं? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

गाडी २०१८ ची हॅचबॅक, राखाडी मेटॅलिक. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली शिये फाट्याजवळ वळताना डाव्या अंगाला घासत गेली. दोन्ही दारं, मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) आणि बंपरचा कोपरा गेला. ट्रॅक्टरवाला उतरून हात जोडून उभा राहिला, त्याच्याकडून काय घ्यायचं, सोडून दिलं. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर आहे, तो घालवायचा नाही म्हणून विम्याकडं न जाता खिशातून काम करून घेतलं.

शहरातल्याच एका गॅरेजला दिली. नाव लिहिणार नाही, व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. डेंटिंग आणि चार भागांचं पेंटिंग मिळून २४,००० ठरले. "कंपनीसारखं काम, ओरिजिनल शेड" हे मालकांचे शब्द. १०,००० आगाऊ आणि बाकीचे गाडी घेताना, सगळे यूपीआयनं दिलेत. गाडी ताब्यात मिळाली अंधार पडल्यावर, ट्यूबलाइटखाली. मालकांनी ओलं फडकं घेतलं, दारावरून फिरवलं, "बघा मॅडम, तोंड दिसतंय का नाही!" दिसत होतं.

सकाळी गोकुळ शिरगावला ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात लावली आणि बघतच राहिले. समोरून बघितलं तर चालून जातंय, पण बाजूनं बघितलं की दारं फेंडरपेक्षा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापेक्षा) काळपट. मागच्या दाराच्या हँडलखाली रंगाचा ओघळ, त्याच्या टोकाला थेंब तसाच वाळलेला, बोटाला लागतो. क्वार्टर पॅनेलवर धुळीचे दाणे. काचेच्या रबरावर राखाडी पट्टे. पुढचं दार उघडलं की आतल्या कडेला टेपची रेघ दिसते आणि तिथला रंग नखानं उचलला जातोय.

फोन केला तर म्हणाले, नवीन रंग आहे, उन्हात बसला की मिळून येतोय. थांबले. मिळून काही आला नाही. परत गेले तर, "पॉलिश मारून देतो, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेब म्हणजे आमचे हे. टायरमध्ये हवा किती भरायची हेसुद्धा ते मला विचारतात.

बिल लेटरहेडवर आहे: "गाडी पेंटिंग काम, २४,०००". एवढंच. जीएसटी नंबर नाही.

प्रश्न असे: यातलं पॉलिशनं खरंच काय जातं? पैसे परत मागावेत की काम परत करून मागावं? आणि एवढ्याशा रकमेसाठी ग्राहक आयोगात जाण्यात अर्थ आहे का?

तर्रीबाज

भावा, चार पोरं घेऊन जा आणि गॅरेजच्या दारात गाडी आडवी लाव. दुपारपर्यंत निकाल.

पंचगंगाकाठ

भावा नाही, ताई. "मॅडम" लिहिलंय की वर.

तर्रीबाज

चुकलं ताई. पण गाडी आडवी लावायचं बघा की.

उद्यमनगरी

ताई, उद्यमनगरात बॉडीशॉपमध्ये बरीच वर्षं काढलीत. आता रंगाची गन हातात धरत नाही, पण नजर गेलेली नाही. एकेक घेतो.

धुळीचे दाणे: वरच्या क्लिअरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) अडकलेले असतील तर २००० नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं घासून कंपाउंड मारलं की जातात. बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) नसलेल्या गॅरेजमध्ये दाणे येणारच, आणि ते घासून काढणं हा कामाचाच भाग आहे, गिऱ्हाइकावर उपकार नाहीत.

ओघळ: पूर्ण वाळल्यावर कापून, घासून काढता येतो. पण ओघळात फक्त क्लिअर आहे की खालचा बेस (रंगाचा थर) पण वाहिलाय ते बघायला लागतंय. बेस वाहिला असेल तर मेटॅलिकचे कण एका जागी गोळा झालेले असतात, तिथं काळा डाग दिसतो. मग घासून उपयोग नाही, पॅनेल परत मारावा लागतो.

शेड: पॉलिशनं शेड बदलत नाही. कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मेटॅलिकची भानगड अशी की रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गन जवळ धरून ओला कोट मारला की कण खाली बसतात आणि रंग काळपट दिसतो, सुका मारला की कण वर राहतात आणि उजळ दिसतो. म्हणजे डबा बरोबर असला तरी हात चुकला की शेड चुकते. त्यात एकाच कलर कोडच्या दोन-तीन छटा कंपनीतूनच निघालेल्या असतात आणि तुमच्या गाडीनं एवढी वर्षं ऊन खाल्लंय. म्हणून नुसती दारं मारून भागत नाही. बेस शेजारच्या फेंडरवर थोडा पसरवत नेऊन विरवायचा आणि क्लिअर मात्र फेंडरवर पूर्ण मारायचा, याला ब्लेंडिंग म्हणतात. "समोरून चालतंय, बाजूनं काळपट" हे तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ब्लेंडिंग झालेलं दिसत नाही.

नखानं निघणारी कड: ही सगळ्यात वाईट. जुन्या चकचकीत रंगावर न घासता नवा रंग मारलाय. तिथून पाणी शिरणार आणि पावसाळा संपेपर्यंत पोपडे निघणार. पॉलिशवाल्यानं तिथं मशीन लावलं तर आजच निघतील.

एक विचारतो, कुठं बारीक फोड आलेत का? लांबी (पत्र्यावरची पुट्टी) पाण्यानं घासली आणि नीट वाळू न देता वर प्रायमर मारला तर लांबीनं प्यालेलं पाणी नंतर फोड होऊन वर येतंय.

आणि एक चाचणी. दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरा. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मुरलेला असेल तर फडक्याला काही लागत नाही. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर विरघळून फडक्यावर येतो. "कंपनीसारखं" म्हणून एनसी मारला असेल तर तुमचं भांडण तिथंच निम्मं जिंकलं.

फुलेवाडीकर

डेंटिंग धरून चार पॅनेल २४,००० मध्ये, म्हणजे पॅनेलला सहा हजार. शोरूमच्या आसपासचा दर झाला हा. या दरात ब्लेंडिंग मागणं काही जास्तीचं नाही.

स्पॅनरमामा

आता माझ्यावर तुटून पडाल, पण गॅरेजवाल्याची बाजू पण ऐका. माझंही छोटं गॅरेज आहे (ताईंची गाडी माझ्याकडं आलेली नव्हती!). आठ वर्षांच्या गाडीला नवीन रंग शंभर टक्के मिळत नाही, शोरूममध्ये पण मिळत नाही. प्लॅस्टिकचा बंपर तर कंपनीतून आलेल्या गाडीला पण पत्र्यापेक्षा वेगळा दिसतो, बघा कधी उन्हात. गिऱ्हाईक येतंय, तीस सांगितले की अठरावर आणतंय, आणि मग आरसा मागतंय. चांगला पेंटर टिकत नाही, शिकला की पुण्याला जातोय. बूथ बसवायचा म्हणजे छोट्या गॅरेजचं काम नव्हे.

तरीपण नखानं रंग निघतोय आणि रबरावर रंग आहे म्हणजे मास्किंगला आणि घासायला वेळच दिला नाही. ते कुठल्याच दरात बसत नाही. रबर खिळखिळं करून काढायचं किंवा खाली दोरी घालून उचलायचं, हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

पंचगंगाकाठ

@स्पॅनरमामा, मी एक रुपया कमी करून घेतलेला नाही. त्यांनी २४ सांगितले, मी २४ दिले.

@उद्यमनगरी, फोड नाहीत. थिनरची चाचणी केली, मागच्या दाराच्या आत. फडकं कोरडंच निघालं.

उद्यमनगरी

मग पीयूच आहे, माल बरा वापरलाय. पूर्वतयारी आणि शेड इथं घोळ आहे. जमलं तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेल्या कुणाकडून मोजून घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एकदा परत मारलेला दोनशे-तीनशेच्या घरात. त्याच्या बरंच पुढं गेलं की खाली लांबीचा थर. लांबी असणं हा गुन्हा नाही, ठोकलेल्या पत्र्यावर थोडी लागतेच, पण जाड असली की पुढं तडकते. बंपरवर हे यंत्र चालत नाही, ते पत्र्यासाठी आहे.

काळाकोट

पंचगंगाकाठ ताई, मी वकिली करते, पण इथं लिहितेय ते सर्वसाधारण माहिती म्हणून धरा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० पासून. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कमतरता असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. तक्रार ऑनलाइन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. तुमचं सगळं कोल्हापुरातच आहे, त्यामुळं तो प्रश्न नाही.

जीएसटी नंबर नाही म्हणून घाबरू नका. यूपीआयच्या नोंदी, लेटरहेडवरचं बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढ्यावर तुम्ही ग्राहक आहात हे सिद्ध होतं.

कायद्यात निकाल तीन महिन्यांत लागावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात तसं धरून चालू नका. समोरच्याला उत्तरालाच ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ मिळतात. आणि काम सदोष होतं हे दाखवायचं ओझं तुमच्यावर. नुसते फोटो कमी पडतात. दुसऱ्या वर्कशॉपकडून लेखी इस्टिमेट घ्या, त्यात "सध्याच्या कामातले दोष" एकेक पॅनेलप्रमाणे लिहून घ्या, सही-शिक्का घ्या. उद्या आयोगात गेलात तर तेच तुमचं शस्त्र, आणि बऱ्याचदा ते टेबलावर ठेवलं की आयोगापर्यंत जावंच लागत नाही.

पैसे की काम, हे आधी ठरवून मगच बोला. दोन्ही एकदम मागितलं की समोरचा पैशावर भांडत बसतो आणि काम बाजूला राहतं.

तर्रीबाज

आता तर कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच पण आलंय. तिथंच जाऊया की थेट!

काळाकोट

एवढ्या वर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालंय ते, दाराच्या रंगासाठी नका वापरू.

रंकाळा_मॉर्निंग

गूगलवर एक स्टार द्या आणि फोटो टाका. दुसऱ्या दिवशी मालक घरी येतोय का नाही बघा.

काळाकोट

लिहायचंच तर घडलं तेवढंच लिहा: तारीख, काम, दोष, त्यांचं उत्तर. "चोर", "लुटारू" असले शब्द नकोत, अब्रुनुकसानीचा उलटा दावा ओढवून घ्याल. आणि मला विचाराल तर आत्ता लिहूच नका. रिव्ह्यू एकदा टाकला की हातात काही राहत नाही.

पंचगंगाकाठ

त्यांना पाठवायचं पत्र कसं लिहू? माझं पहिलं लिखाण वाचून हे म्हणाले, "हे पत्र आहे की शाप?"

काळाकोट

शाप नंतर. आधी हे, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानंही:

"आपण माझ्या गाडीचं (नंबर) डेंटिंग-पेंटिंग केलं, त्याचे २४,००० रुपये मी (तारखा) यूपीआयनं दिले. कामात पुढील दोष आहेत. पुढचं व मागचं डावं दार: शेड फेंडरशी जुळत नाही. मागचं दार: हँडलखाली ओघळ. पुढच्या दाराची आतली कड: रंग सुटतो आहे. क्वार्टर पॅनेल: धुळीचे दाणे. काचेची रबरं: रंग लागला आहे. सोबत फोटो व दुसऱ्या वर्कशॉपचा अभिप्राय. हे दोष पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत विनामूल्य दूर करून द्यावेत. तसं न झाल्यास मी दुसरीकडून काम करून घेईन आणि तो खर्च आपल्याकडून कायदेशीर मार्गानं वसूल करीन."

बस्स. विशेषणं नाहीत, "मनस्ताप" नाही. मनस्ताप तक्रारीत लिहायचा असतो, तिथं त्याचे पैसे मागता येतात.

कसबा_बावडा

माझ्या भावाचं उलटं झालेलं. काम आवडलं नाही म्हणून पैसे अडवले, तर गॅरेजवाल्यानं गाडीच अडवली. पोलिसांत गेला तर त्यांनी दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवलं. असं गाडी ठेवून घेता येतं का?

काळाकोट

येतं, मर्यादेत. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. ज्यानं वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवता येते. कायद्यात हिरा कापणाऱ्या सोनाराचं उदाहरण दिलेलं आहे. पण काम ठरल्याप्रमाणं झालेलं असलं पाहिजे, ही अट त्याच कलमात आहे. भावाची गाडी अडलीच तर बिलावर "निषेधासह रक्कम अदा" लिहून पैसे द्यायचे, गाडी सोडवायची आणि मग तक्रार करायची. गाडी तिथं पडून राहिली तर नुकसान आपलंच.

पंचगंगाकाठ

अपडेट देते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपकडून अभिप्राय घेतला. त्यांच्याकडं यंत्र होतं. मागच्या दारावर ८०० च्या पुढं आकडा आला, क्वार्टरवर ३०० च्या आसपास. त्यांनी पॅनेलवार लिहून दिलं, शिक्का मारून. मग पत्र पाठवलं आणि भर दुपारी स्वतः गेले. "साहेब" बरोबर आले होते, पण त्यांना बाहेर चहा प्यायला बसवलं.

मालकांनी परत तेच ओलं फडकं काढलं. मी म्हटलं, वाळू दे. दोघंही उभे राहिलो उन्हात. पाणी उडालं तसं दार मंद होत गेलं, हँडलखालचा ओघळ उठून दिसायला लागला, शेजारी फेंडर उजळ. मालक काही बोलले नाहीत. मग आत बघून पेंटरला हाक मारली, "अरे, ह्याची शेड कुठनं आणलीस?" तो पोरगा म्हणाला, "मागच्या गाडीचा अर्धा डबा उरलेला, त्यात टिंटरचा रंग मारून बसवली." मालकांना हे खरंच माहीत नसावं असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

पैसे परत देणार नाही म्हणाले. दोन्ही दारं परत मारतो, बाकी पॉलिश. मी फेंडरवर ब्लेंडिंग पण पाहिजे म्हटलं. "एवढं तुम्हाला कुणी शिकवलं?" लिहून द्या म्हटलं तर, "विश्वास नाही का?"

उद्यमनगरी

उरलेला डबा! मला वाटलंच होतं. गाडीवर कलर कोडची पट्टी असते, मिक्सिंगवाला त्यावरून ग्रॅम मोजून रंग बनवून देतो. तो खर्च वाचवायला गेला.

काळाकोट

सहीसाठी अडून बसू नका. घरी जाऊन त्यांना व्हॉट्सॲप करा: "आज आपलं ठरलं त्याप्रमाणे दोन्ही दारं परत रंगवणे, फेंडरवर ब्लेंडिंग, बाकी पॉलिश, रबरं साफ, विनामूल्य, अमुक तारखेपर्यंत. काही वेगळं असल्यास कळवावं." त्यावर "ठीक" आलं तरी पुरावा, निळ्या खुणा झाल्या आणि गप्प बसले तरी तुमच्या बाजूचा कागद तयार.

पंचगंगाकाठ

केलं. अंगठा आला.

एनएच४चा_प्रवासी

मूळ मुद्दा सोडून एक. नो क्लेम बोनस वाचवायला खिशातून २४,००० घातले, हे गणित एकदा कागदावर मांडा. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो, मग २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर चढतो. म्हणजे पाच नूतनीकरणांत मिळून तोटा होतो ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, बेरीज १२५ टक्के. पण कशाच्या? फक्त ओन डॅमेज (ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्याच्या, थर्ड पार्टीच्या नाही. जुन्या हॅचबॅकचा ओडी हप्ता समजा ५,००० असेल तर पाच वर्षांत मिळून सव्वासहा हजारांचा तोटा.

आणि क्लेममध्ये कापतात किती? १५०० सीसीपर्यंत सक्तीची वजावट १,०००. रंगाच्या एकत्रित बिलात मटेरियल २५ टक्के धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे रंगाच्या बिलाचा आठवा हिस्सा. २४,००० सगळे रंगाचे धरले तरी ३,०००. दोन्ही मिळून चारच्या आसपास. बेरीज करा.

मोठा ओरखडा असेल तर क्लेम घ्यावा, दोन-तीन हजारांचा असेल तर खिशातून. आता ताईंना उपयोग नाही, काम झाल्यावर विम्याचा सर्वेअर काय बघणार. पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

फुलेवाडीकर

क्लेममध्ये पण शोरूमवाला रंगाचं वाटोळं करतोच की. माझ्या बोनेटला संत्र्याच्या सालीसारखे खळगे आहेत, विम्याच्या कामातलेच.

एनएच४चा_प्रवासी

करतो ना. पण तेव्हा समाधानपत्रावर सही करायच्या आधी गाडी उन्हात काढायची. त्या सहीवर विमा कंपनी गॅरेजला पैसे सोडते.

पंचगंगाकाठ

पुढचं अपडेट, आणि चांगलं नाही. आधी पेंटर जोतिबाच्या यात्रेला गेला. यात्रा झाली, मग त्याच्या बहिणीचं लग्न. मग "वळीव पडतोय, दमट हवेत रंग मारला तर पांढरा पडतोय". दिलेली तारीख उलटून गेली.

स्पॅनरमामा

दमट हवेचं खोटं नाही, पण पीयूला आणि दोन दारांना एवढं थांबायचं कारण नाही. सकाळी दहा ते दुपारी चार ऊन असतंय की सध्या. टाळतोय तो. यात्रेचं मात्र सोडून द्या, चैत्रात आमच्याकडं पण कुणी कामाला येत नाही.

काळाकोट

आता १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, मध्यस्थी करतात, आणि छोटा व्यावसायिक दाद देईलच असं नाही. पण नोंदीचा क्रमांक मिळतो. तो घालून अंतिम नोटीस पाठवा, सोबत शिरोलीवाल्यांचं दुरुस्तीचं इस्टिमेट जोडा. कायद्यानं नोटीस सक्तीची नाही, पण तक्रारीला जोडलेली बरी दिसते. आणि आयोगात गेल्यावरही तडजोडीची शक्यता दिसली तर दोघांच्या संमतीनं मध्यस्थीकडं पाठवतात, हे त्यांनाही कळू दे.

रंकाळा_मॉर्निंग

ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना पण भेटा. आमच्या मिक्सरच्या वेळी एका फोनवर काम झालेलं.

तर्रीबाज

पोरं तयार आहेत अजून, ताई.

पंचगंगाकाठ

शेवटचं अपडेट (बहुतेक).

नोटीस पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, मालकांच्या मोठ्या भावाचा. धंदा दोघांचा आहे हे मला माहीतच नव्हतं. सरळ माणूस. "मॅडम, आमच्या पेंटरकडनं हे काम होणार नाही, मी तुम्हाला खोटं सांगत नाही. शिरोलीत ओळखीच्यांचा बूथ आहे, तिथं मारून देतो, पैसे आम्ही भरतो." मी विचारलं, दारं की सगळं? बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं: दोन्ही दारं आणि क्वार्टर परत, पुढच्या फेंडरवर ब्लेंडिंग, रबरं नवीन. बंपर आहे तसाच, त्याबदल्यात २,००० परत. मागच्या दाराची जाड लांबी काढून पत्रा परत ओढायचा म्हटलं, तर त्याला ते तयार झाले नाहीत. लांबी तडकली तर वर्षभरात फुकट करून देऊ, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं.

"तक्रार मिटली" असं लिहून द्या म्हणाले. गाडी बघितल्यावर देते म्हटलं.

ताबा घेतला सकाळी अकराला, बूथच्या बाहेर, मोकळ्यावर. चारी बाजूंनी फिरले, खाली वाकून दाराच्या कडा बघितल्या, नख लावून बघितलं. शेड फेंडरशी मिळालीय. पेट्रोलच्या झाकणाजवळ तिरकं बघितलं तर किंचित फरक जाणवतो, तो सोडून दिला. बूथवाल्याच्या बिलावर गॅरेजचं नाव आणि माझ्या गाडीचा नंबर आहे, त्याची प्रत घेतली. २,००० यूपीआयनं तिथंच आले. मग लिहून दिलं, लांबीची जबाबदारी सोडून बाकी तक्रार मिटली म्हणून. हेल्पलाइनलाही कळवलं.

धाकटे मालक आले नव्हते. पेंटर पोरगा आला होता, बूथमधल्या माणसाला प्रश्न विचारत होता, गनचं प्रेशर किती ठेवता वगैरे.

@काळाकोट, @उद्यमनगरी, तुमचे आभार कसे मानू? मिसळ माझ्याकडून, वेळ सांगा.

तर्रीबाज

आणि पोरांचं काय?

पंचगंगाकाठ

पोरांनी कट वडा खायचा, स्वतःच्या पैशानं.

फुलेवाडीकर

२,००० वर बंपर सोडलात ते मला पटलं नाही. चार हजार तरी मागायचे होते.

काळाकोट

मलाही थोडं कमीच वाटलं. पण आयोगाच्या तारखा मी बघितल्यात, त्यामुळं गप्प बसते.

कसबा_बावडा

ताई, नवीन रंगाला वॅक्स, सिरॅमिक कोटिंग वगैरे लगेच करावं का? मला आमच्याकडचा वॉशिंगवाला मागं लागलाय.

उद्यमनगरी

लगेच नको. रंग वरून वाळला तरी आतून सुटणारं सॉल्व्हंट महिनाभर निघत असतंय, वर वॅक्स मारून ते कोंडू नका. तोवर साध्या पाण्यानं धुवायची, प्रेशरचं पाणी कडांवर मारायचं नाही. झाडाखाली लावू नका, पाखरांची घाण नवीन क्लिअरला खाते. आणि शिरोली, उद्यमनगर बाजूला रोज गाडी लागत असेल तर फाउंड्रीची लोखंडी धूळ बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, आधी भरपूर पाणी सोडायचं. पुसली की चरे पडले म्हणून समजा.

कसबा_बावडा

धन्यवाद काका. वॉशिंगवाल्याला महिन्यानं ये म्हणून सांगतो.